बॅकअप आहे, पण तो परत आणणारी रेस्क्यू डिस्क कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणकाविषयी माहिती देणाऱ्या सदरांमधून ‘नियमित बॅकअप घ्या’ हा सल्ला आता इतक्या वेळा दिला गेला आहे की, तो न ऐकलेला लॅपटॉपधारक सापडणे कठीण. पुष्कळ जण तो पाळतातही. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क विकत घेतात, अधूनमधून तिच्यावर बॅकअप घेतात आणि ती कपाटात जपून ठेवतात. परंतु ज्या दिवशी लॅपटॉप सुरूच होत नाही, त्या दिवशी कपाटातला तो बॅकअप लॅपटॉपमध्ये परत कसा आणायचा, हे फारसे कोणी सांगत नाही आणि माझ्या पाहण्यात बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. ज्या रेस्क्यू डिस्कवरून लॅपटॉप सुरू करून बॅकअप रिस्टोअर करता येतो, ती डिस्क आधीच तयार करून त्याच लॅपटॉपवर चालवून पाहिलेली असली पाहिजे, ही गोष्ट आपल्या वृत्तपत्राने ठळकपणे आणि तपशिलासह छापावी, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

बंद पडलेले लॅपटॉप घेऊन ओळखीची मंडळी माझ्याकडे येतात. ‘बॅकअप आहे का?’ या प्रश्नाला बरेचदा ‘हो’ असे उत्तर मिळते. ‘तो परत कशावरून टाकायचा?’ असे विचारले की मात्र समोरचा माणूस गोंधळतो. यात त्याचा दोष नाही. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्येच असतो, रिस्टोअरचे बटणही त्याच प्रोग्रॅममध्ये असते आणि लॅपटॉप चालू असेपर्यंत सगळे हाताशी आहे असे वाटत राहते. आतली हार्ड डिस्क किंवा तिच्या जागी असणारी एसएसडी निकामी झाली की तो प्रोग्रॅमही तिच्याबरोबर जातो, ही बाब बॅकअप घेताना कोणाच्या मनात येत नाही.

बॅकअप दोन प्रकारचा असतो, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेबाच्या फाइली यांची प्रत काढून ठेवणे हा एक प्रकार. अशा फाइली कोणत्याही दुसऱ्या संगणकावर उघडता येतात, त्यासाठी रेस्क्यू डिस्क लागत नाही, आणि ज्याचे सगळे काम एवढ्यावर भागते त्याने विंडोज नव्याने टाकून फाइली परत भरल्या तरी चालते. दुसरा प्रकार म्हणजे संपूर्ण डिस्कची इमेज. तिच्यात विंडोज, बसवलेले प्रोग्रॅम, त्यांच्या सेटिंग्ज, प्रिंटरचे ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि लॅपटॉप सुरू होण्यासाठी लागणारी लहान, डोळ्यांना न दिसणारी पार्टिशन्स (डिस्कचे वेगळे केलेले भाग) असे सगळे जसेच्या तसे उतरवलेले असते. अनेक वर्षांत बसवत आणलेली कामाची घडी काही तासांत पूर्ववत मिळवून देण्याचे सामर्थ्य इमेजमध्ये आहे. पण विंडोज स्वतः चालू असताना तिच्याच पार्टिशनवर ही इमेज लिहिता येत नाही. त्यासाठी लॅपटॉप बाहेरच्या माध्यमावरून सुरू करावा लागतो आणि रेस्क्यू डिस्कचे काम इथे सुरू होते.

ही डिस्क पूर्वी सीडी किंवा डीव्हीडी असे. आजच्या बहुतेक लॅपटॉपना डीव्हीडी ड्राइव्हच नसल्याने ती पेन ड्राइव्हवर तयार करतात, नाव मात्र डिस्कच राहिले आहे. तिच्यात छोटीशी कार्यप्रणाली असते, एकतर विंडोजचीच आटोपशीर आवृत्ती किंवा लिनक्स. लॅपटॉप तिच्यावरून सुरू केला की ती आतल्या डिस्कला हात न लावता थेट मेमरीत भरली जाते आणि मग आतल्या संपूर्ण डिस्कवर इमेज उतरवायला मोकळी असते. अनेक वाचक म्हणतील की विंडोजमध्ये दुरुस्तीची सोय आधीच दिलेली असते, मग वेगळी डिस्क कशाला? ती सोय आहे, आणि साध्या बिघाडाला ती पुरतेही. परंतु ती त्याच आतल्या डिस्कच्या एका पार्टिशनमध्ये राहते; डिस्क गेली की तीही गेली. शिवाय डिस्क शाबूत असतानाही ती ऐन वेळी दगा देऊ शकते. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 11 च्या एका मासिक अपडेटनंतर या दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीने जोडलेले कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत वेगळे अपडेट काढून ती चूक सुधारावी लागली. ज्यांचा लॅपटॉप नेमका त्याच दिवसांत अडला असेल, त्यांच्यासमोर दुरुस्तीचे पर्याय दिसत असतील, पण निवडता येत नसतील.

डिस्क तयार करताना होणारा सर्वांत मोठा घोटाळा सारख्या वाटणाऱ्या नावांमुळे होतो. विंडोज जी ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ बनवून देते, तिच्यावर विंडोज पुन्हा बसवण्याची सामग्री असू शकते, परंतु आपल्या फाइली आणि आपण बसवलेले प्रोग्रॅम त्यात नसतात. पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह तयार झाली म्हणजे आपला बॅकअप झाला, असे समजून निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत. ही ड्राइव्ह बनवताना पेन ड्राइव्हवरचा आधीचा सगळा मजकूर पुसला जातो, हेही ध्यानात ठेवावे. दुसरीकडे, एखाद्या कंपनीच्या बॅकअप प्रोग्रॅमने इमेज घेतली असेल तर रेस्क्यू डिस्कही त्याच प्रोग्रॅममधून बनवायला हवी, कारण एका प्रोग्रॅमची इमेज दुसऱ्याला साधारणतः वाचता येत नाही. मोफत आणि खुल्या सॉफ्टवेअरमध्ये तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात विकसित झालेले क्लोनझिला भरवशाचे आहे. पण त्याचा पडदा निव्वळ अक्षरांचा असल्यामुळे नवख्या माणसाची छाती दडपते. त्यांच्यासाठी रेस्क्यूझिला सोपे पडते आणि क्लोनझिलाने घेतलेली इमेजही त्याला वाचता येते. या दोन्हींमध्ये रेस्क्यू डिस्क हाच मूळ प्रोग्रॅम असल्याने बॅकअप घेतानाच लॅपटॉप तिच्यावरून सुरू करावा लागतो आणि डिस्क चालते की नाही याची परीक्षा आपोआप होते. मला हा त्यांचा फार मोठा गुण वाटतो.

आणखी एक साधी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. इंटरनेटवरून उतरवलेली आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कचा मजकूर एकत्र बांधलेली फाइल) नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी केल्याने तो पेन ड्राइव्ह बूट होत नाही, म्हणजे त्याच्यावरून लॅपटॉप सुरू होत नाही. ती रुफससारख्या प्रोग्रॅमने त्याच्यावर लिहावी लागते.

तयार झालेली डिस्क लगेच लावून पाहण्याचा आग्रह मी का धरतो, ते सविस्तर सांगतो. लॅपटॉप सुरू होता होता ठरावीक कळ दाबली की तो कशावरून सुरू करायचा याची यादी समोर येते. डेल आणि लेनोव्होच्या लॅपटॉपवर ती कळ बहुधा एफ 12 असते, एचपीवर एफ 9, आसुसवर एस्केप. काही एसरच्या लॅपटॉपवर एफ 12 ची सोय आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागते. चालू लॅपटॉपवर हे शोधायला पाच मिनिटे लागतात. बंद पडलेल्या लॅपटॉपसमोर, दुसऱ्याच्या मोबाइलवर माहिती शोधत, काम खोळंबलेले असताना तेच शोधणे किती जिवावर येते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच विचारावे. यादीत पेन ड्राइव्ह दिसला तरी सिक्युअर बूटमुळे, म्हणजे मान्यता नसलेल्या माध्यमावरून लॅपटॉप सुरू होऊ न देणाऱ्या सुरक्षेमुळे, तो नाकारला जाऊ शकतो. लॅपटॉप यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तर रेस्क्यू डिस्कही त्याच पद्धतीने सुरू करावी लागते. जुन्या बायोस पद्धतीने सुरू केल्यास विंडोजचा स्वतःचा रिस्टोअर प्रोग्रॅम इमेज परत टाकायला नकार देतो आणि त्याने दाखवलेल्या संदेशावरून कारण कळेलच असे नाही.

डिस्क सुरू झाली म्हणजे परीक्षा संपली असेही नाही. त्या पडद्यावर कीबोर्ड आणि टचपॅड चालतात का, लॅपटॉपची आतली एसएसडी यादीत दिसते का आणि बॅकअपची बाहेरची डिस्क जोडल्यावर तिच्यातली इमेज सापडते का, हे तिन्ही पाहिल्याशिवाय उठू नये. यातले दुसरे फार महत्त्वाचे. इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी ज्या नियंत्रकामागे जोडलेली असते, त्याचा ड्रायव्हर रेस्क्यू डिस्कवर नसेल तर आतली डिस्क जणू अस्तित्वातच नाही असे दिसते. एसएसडी जळाली अशी समजूत करून घेऊन ती बदलायला निघालेल्या एका गृहस्थांना मी थांबवले होते. त्यांची एसएसडी ठणठणीत होती, ड्रायव्हर तेवढा हवा होता. ज्यांचा बॅकअप घरातल्या किंवा कार्यालयातल्या नेटवर्कवर आहे, त्यांनी रेस्क्यू डिस्कवरून वायफाय चालेल असे गृहीत धरू नये, नेटवर्कची केबल जवळ ठेवावी.

आता प्रत्यक्ष रिस्टोअरकडे वळतो. संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जोखमीचा क्षण म्हणजे इमेज कोणत्या डिस्कवर उतरवायची हे निवडण्याचा. रेस्क्यू डिस्कच्या पडद्यावर ‘माझा लॅपटॉप’ आणि ‘बॅकअपची डिस्क’ अशी नावे नसतात. तिथे कंपनीचे नाव, मॉडेलचा लांबलचक क्रमांक आणि जीबीमधला आकार एवढेच असते. ओळखीची सी आणि डी ही अक्षरेही तिथे बदललेली असू शकतात, कारण त्या वेळी चालू असलेली कार्यप्रणाली वेगळी असते आणि ती आपल्या क्रमाने अक्षरे वाटते. समजा, लॅपटॉपमध्ये 1 टीबीची एसएसडी आहे आणि बॅकअपची हार्ड डिस्कही 1 टीबीचीच आहे. अशा वेळी दोन ओळी जवळजवळ सारख्या दिसतात, खाली ‘या डिस्कवरील सर्व डेटा नष्ट होईल’ अशी सूचना येते, आणि ती सूचना दोन्हींपैकी कोणतीही ओळ निवडली तरी तशीच येते. काही प्रोग्रॅम बॅकअपचीच डिस्क निवडू देत नाहीत, परंतु त्यावर विसंबू नये. माझी पद्धत अशी आहे की दोन्ही डिस्कचे मॉडेल क्रमांक लॅपटॉप धडधाकट असतानाच कागदावर लिहून बॅकअपच्या डिस्कला चिकटवायचे आणि रिस्टोअरच्या वेळी, आवश्यक नसलेली प्रत्येक यूएसबी वस्तू काढून ठेवायची. चार्जर जोडलेला असावा, हे वेगळे सांगायला नको.

रिस्टोअर म्हणजे डिस्कवर आज जे आहे ते जाऊन इमेज घेतलेल्या दिवशी जे होते ते येणे. म्हणून विंडोज बिघडले आहे पण डिस्क चांगली आहे अशा परिस्थितीत, इमेज घेतल्यानंतर तयार झालेल्या फाइली आधी बाहेर काढून घ्याव्यात. अनेक रेस्क्यू डिस्कवरून हेही करता येते. लिनक्सवर चालणाऱ्या डिस्कमध्ये तर साधा फाइल मॅनेजर असतो आणि फाइली ओढून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर टाकता येतात. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र स्वतः खटपट करत न बसता लॅपटॉप लगेच बंद करावा. आतला डेटा अनमोल असेल तर ती डिस्क, डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे सोपवावी आणि इमेज नव्या डिस्कवर उतरवावी. नवी डिस्क जुनीएवढी किंवा जुनीपेक्षा मोठी घ्यावी. इमेजमधला प्रत्यक्ष डेटा थोडा असला, तरी विंडोजचा स्वतःचा प्रोग्रॅम आणि क्लोनझिला हे दोन्ही एरवी लहान डिस्क स्वीकारत नाहीत. तसेच नव्या, कोऱ्या डिस्कवर फक्त सी पार्टिशन उतरवून भागत नाही. लॅपटॉप सुरू करणारे ईएफआय पार्टिशनही आले पाहिजे, म्हणून सगळी पार्टिशन्स एकत्र रिस्टोअर करणे बरे. विंडोजने घेतलेल्या इमेजचा फोल्डर डिस्कच्या सर्वांत वरच्या पातळीवर आणि मूळ नावानेच असावा लागतो. आवराआवर करताना तो ‘जुना बॅकअप’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये सरकवला, तर इमेज डिस्कवर असूनही रिस्टोअर करताना सापडत नाही.

एन्क्रिप्शनचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा डेटा कुलूपबंद करण्याचा प्रश्न अलीकडे फार गंभीर झाला आहे. विंडोज 11 च्या 24एच2 या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यास डिस्कचे एन्क्रिप्शन बहुतेक लॅपटॉपवर आपोआप चालू होते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. रेस्क्यू डिस्कवरून आतल्या फाइली काढायच्या असतील तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर त्या फाइली मिळत नाहीत. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, तेव्हा दुरुस्ती म्हणजे एक फाइल काढून टाकणे एवढीच होती. तरीही अनेक ठिकाणी ती रखडली, कारण प्रत्येक संगणकासाठी हे 48 अंक शोधावे लागत होते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती आजच पाहून कागदावर उतरवावी आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता वेगळ्या जागी ठेवावा. याची दुसरी बाजूही आहे. चालू विंडोजमधून घेतलेली इमेज ही उघडलेल्या डेटाची असते, त्यामुळे रिस्टोअरनंतर एन्क्रिप्शन पुन्हा चालू करावे लागते. आणि बॅकअपच्या डिस्कला स्वतंत्र पासवर्ड दिला नसेल तर ती ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे वाचता येते.

रंगीत तालीम झाल्याशिवाय कोणी नाटक रंगमंचावर आणत नाही. रिस्टोअरची मात्र पहिली तालीम आपण थेट प्रयोगाच्या दिवशी करतो. मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, आणि बॅकअप शोधू लागल्यावर असे आढळले की नेहमीचा बॅकअप प्रोग्रॅमच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता. त्याची सूचना देणाऱ्या ईमेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या, म्हणून कोणाला ते समजले नव्हते. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कारणासाठी काढलेली एक प्रत सुदैवाने हाती लागली आणि तेवढ्यावर निभावले. या कंपनीने हे सारे लपवून न ठेवता जाहीरपणे मांडले, याबद्दल मला तिच्याविषयी आदर वाटतो. घरच्या लॅपटॉपसाठी तालीम करायची तर एखादी मोकळी एसएसडी लॅपटॉपमध्ये बसवून तिच्यावर इमेज उतरवून पाहणे सर्वांत उत्तम. चालू असलेल्या डिस्कवरच ‘बघू तरी’ म्हणून रिस्टोअर करणे मात्र कटाक्षाने टाळावे. एसएसडीची सोय नसेल तर निदान इमेज पडताळण्याची आज्ञा प्रोग्रॅमला द्यावी आणि तिच्यातली दोन-चार छायाचित्रे व एखादी मोठी फाइल उघडून पाहावी.

एकदा बनवलेली डिस्क कायमची पुरत नाही. सिक्युअर बूट ज्या प्रमाणपत्रांवर चालते, त्यांपैकी मायक्रोसॉफ्टची 2011 सालची प्रमाणपत्रे जून 2026 पासून मुदतबाह्य होऊ लागतात आणि त्यांची जागा 2023 ची प्रमाणपत्रे घेत आहेत. ज्या लॅपटॉपवर जुन्या बूट फाइली रद्द करणारे बदल लागू होतात, तिथे त्या फाइलींवर चालणारी जुनी रेस्क्यू डिस्क सुरू होत नाही, मग ती काल-परवापर्यंत कितीही बिनबोभाट चालत असो. लॅपटॉप बदलला, बॅकअपचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर नेला किंवा विंडोजची मोठी नवी आवृत्ती आली की डिस्क पुन्हा बनवून पुन्हा लावून पाहावी. विंडोज 10 ला मिळणारा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यामुळे असंख्य लोकांनी विंडोज किंवा लॅपटॉप बदलला आहे. त्यांच्या कपाटातली जुनी डिस्क नव्या लॅपटॉपच्या कामी येईलच असे नाही. ॲपलच्या लॅपटॉपची रीत निराळी आहे. तिथे टाइम मशीन या ॲपलच्या प्रोग्रॅमने घेतलेला बॅकअप रिकव्हरीच्या पडद्यावरून परत आणतात, आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये आतले स्टोरेज निकामी झाल्यास बाहेरच्या डिस्कवरूनही तो सुरू होत नाही, त्यामुळे तिथे दुसऱ्या यंत्रावर रिस्टोअर करण्याची तयारी ठेवावी लागते.

एके काळी लॅपटॉपच्या खोक्यातच रिकव्हरीची सीडी किंवा डीव्हीडी मिळत असे. खर्च वाचवण्यासाठी कंपन्यांनी ती देणे बंद केले आणि ती बनवण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकली, पण ग्राहकाला तसे नीट सांगितले नाही. नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना वायफाय, खाते आणि जाहिरातींच्या परवानग्या यांविषयी पडद्यामागून पडदे विचारले जातात. त्यांत ‘रेस्क्यू डिस्क आता बनवा’ असा एक पडदा घालणे कोणत्याही उत्पादकाला जड नाही. ज्या शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये लॅपटॉप वाटतात, त्यांनीही लॅपटॉपबरोबर चालवून पाहिलेली रेस्क्यू डिस्क आणि रिकव्हरी की कुठे सापडेल याची चिठ्ठी द्यावी, अशी माझी मागणी आहे. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी किंवा वर्षाचे हिशेब सांभाळणारा कारकून यांच्याकडून हे सारे स्वतः शोधून काढण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे माझे मागणे एवढेच आहे की या विषयाला एका पुरवणीत सचित्र पान द्यावे. रिस्टोअरच्या वेळी दिसणारा डिस्कच्या निवडीचा पडदा त्यात मोठा करून छापावा आणि त्यावर कोणती ओळ काय सांगते हे मराठीत लिहावे, प्रमुख कंपन्यांच्या लॅपटॉपवर बूटची यादी आणणाऱ्या कळांचा तक्ता द्यावा, आणि वाचकाला स्वतःच्या डिस्कचे मॉडेल क्रमांक, रिकव्हरी की कुठे ठेवली आहे आणि डिस्क शेवटची कधी लावून पाहिली याच्या नोंदीसाठी रिकामी चौकट ठेवावी. ते पान कापून बॅकअपच्या डिस्कबरोबर ठेवता येईल अशा आकाराचे असावे, कारण लॅपटॉप बंद असताना वाचायला कागदच उपयोगी पडतो.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक